‘मोबाइलपरच रहेगा तो नक्को’ : दूरशिक्षणाचा आपल्या गल्लीपर्यंतचा इतिहास

जुलै महिन्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, हातात कागदांची पिशवी. दहावीपर्यंत ती माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकली. उर्दू माध्यमाच्या मुलींत मराठीचा निबंध न घाबरता लिहिणाऱ्या दोन-चारच असतात, त्यांतली ती एक. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तिचं शिक्षण सुटलं होतं. आता तिला मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचा होता. मी माहिती सांगायला लागलो, तर तिने मधेच विचारलं, “सर, किलास रहते ना? के सब मोबाइलपरच? मोबाइलपरच रहेगा तो नक्को.”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण तिचं शिक्षण सुटलं ते 2020-21 साली, म्हणजे सगळं मोबाइलवर होतं त्या वर्षी. आणि त्यात माझाही थोडा वाटा आहे. तो पुढे सांगतो.

घराबाहेर पडणं अवघड असलेल्या मुलींसाठी ऑनलाइन शिक्षण म्हणजे मोठी सोय, असं आपण प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. मीही अशी भाषणं केली आहेत. सच्चर समितीने 2006 साली सांगितलं होतं की, वीस वर्षांवरच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका मिळवलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. देशाचं प्रमाण सुमारे सात टक्के होतं. अशा समाजातल्या, मुरूमसारख्या सीमेवरच्या गावातल्या मुलीपर्यंत विद्यापीठ तिच्या तळहातावर येत असेल, तर तिने खूश व्हायला हवं. मग तीच ‘नक्को’ का म्हणते? या प्रश्नाने मला गेले काही महिने जुनी पुस्तकं आणि अहवाल वाचायला लावले. त्यातून हाती आलेला हा इतिहास.

पत्रातून तालीम

दूर बसलेल्या शागिर्दाला शिकवणं ही इंटरनेटची देणगी नाही. चौदाव्या शतकात बिहार शरीफमध्ये शेख शरफुद्दीन याह्या मनेरी होते. चौसा इथले एक अधिकारी काझी शम्सुद्दीन यांना त्यांच्याकडे शिकायचं होतं. पण सरकारी जबाबदारी सोडून त्यांच्या सोहबतीत राहणं जमत नव्हतं. त्यांच्या विनंतीवरून मनेरींनी पत्रं लिहायला घेतली. एका पत्रात एक विषय. हिजरी 747, म्हणजे इसवी सन 1346-47 च्या सुमारास लिहिलेल्या अशा शंभर पत्रांचा संग्रह ‘मक्तूबात-ए-सदी’ म्हणून प्रसिद्ध आहे. आजच्या भाषेत हा पत्रद्वारा अभ्यासक्रमच म्हणायचा. नोकरी करणारा विद्यार्थी, ठरलेले पाठ आणि दूरचा शिक्षक.

त्याच्याही आधी हदीसच्या विद्वानांनी ज्ञान कोणत्या वाटेने घेतलं यावरून त्याचे दर्जे ठरवले होते. इब्न सलाह (मृत्यू 1245) यांनी अशा आठ वाटा नोंदवल्या आहेत. सगळ्यांत वर ‘समाअ’, म्हणजे उस्तादाच्या तोंडून ऐकणं. त्यानंतर शागिर्दाने उस्तादाला वाचून दाखवणं. मग इजाजत, हातात ग्रंथ देणं, आणि ‘मुकातबा’, म्हणजे पत्राने कळवणं. सगळ्यांत शेवटी ‘विजादा’. म्हणजे कुणाचं तरी लिखाण हाती लागलं, पण लिहिणाऱ्याची ना भेट झाली, ना त्याने परवानगी दिली. असं ज्ञान निषिद्ध नव्हतं. मात्र ते सांगताना ‘मला हे अमक्याच्या हस्ताक्षरात सापडलं’ एवढं प्रामाणिकपणे म्हणावं लागे. ‘मी त्याच्याकडून ऐकलं’ असं म्हणता येत नसे.

मला यातलं शहाणपण आवडतं. पत्राने शिकवण्याला त्यांनी नाकारलं नाही. पण उस्तादाशी संबंध असलेलं शिक्षण आणि नुसती हाती लागलेली सामग्री या दोन गोष्टी एका तराजूत तोलल्या नाहीत. यूट्यूबवर सापडलेलं व्याख्यान कुठल्या पायरीवर बसतं, हे वाचकांनी ठरवावं.

उस्मानियाचा धडा

आमचा जिल्हा परवापर्यंत उस्मानाबाद होता, आता धाराशिव आहे. ज्या मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून तो उस्मानाबाद झाला, त्यांच्याच नावाचं विद्यापीठ 1918 साली हैदराबादला उभं राहिलं. भारतीय भाषेला विद्यापीठाचं माध्यम करणारा देशातला हा पहिला मोठा प्रयोग होता. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, सगळं उर्दूतून. पण इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विद्यापीठाचे वर्ग भरण्याआधी, 1917 मध्येच, ‘दारुत्तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला. आधी पुस्तकं आणि पारिभाषिक शब्द तयार करण्याची व्यवस्था, मग वर्ग.

या कौतुकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा उर्दू नव्हती. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला, कर्नाटकातल्या कन्नड मुलाला ते विद्यापीठ भाषेमुळेच दूरचं वाटे. जी अडचण आज माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलीला मराठी किंवा इंग्रजी व्याख्यान ऐकताना येते, ती तेव्हा तिच्या मराठी शेजाऱ्याला येत होती. 1948 नंतर चित्र पालटलं. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि उच्च शिक्षण मराठीच्या जवळ आलं. उर्दूतून विद्यापीठीय शिक्षणासाठी मात्र पुढे 1998 पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याची सुरुवातच दूरशिक्षणाने झाली.

म्हणजे अंतर दोन प्रकारचं असतं. एक किलोमीटरचं, दुसरं भाषेचं. पहिलं तारेने, लहरींनी, उपग्रहाने कमी करता येतं. दुसऱ्यासाठी भाषांतर करणारी माणसं लागतात.

शेजारी उतरलेला उपग्रह

मुरूमची माणसं गुलबर्ग्याला बाजाराला जातात, दवाखान्याला जातात, ख्वाजा बंदानवाजांच्या उरुसाला जातात. याच गुलबर्गा जिल्ह्यात 1975 साली जगाचं लक्ष वेधणारा एक प्रयोग झाला. नासाचा ‘एटीएस-6’ हा उपग्रह भारताला एका वर्षासाठी मिळाला होता. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरदर्शन कार्यक्रम दाखवले गेले. या प्रयोगाचं नाव ‘साइट’. कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. म्हणजे सीमेपलीकडच्या खेड्यात शाळेच्या छपरावर जाळीची मोठी छत्री लागली होती आणि अलीकडे आपण रेडिओवर होतो.

या प्रयोगामागे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे तेव्हाचे संचालक प्रा. यशपाल होते. हेच पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, करमणूक. कार्यक्रम त्या त्या भागाच्या भाषेत. गुलबर्ग्यात कन्नडमध्ये.

मला त्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. विज्ञान कसं शिकवावं, यासाठी सुमारे 50 हजार प्राथमिक शिक्षकांना दोन तुकड्यांत बारा-बारा दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. एवढी माणसं एका ठिकाणी जमवणं शक्य नव्हतं, म्हणून दूरदर्शन. पण नुसतं दूरदर्शन नाही. जोडीला रेडिओ, छापील साहित्य, हाताने करून बघायचे प्रयोग आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक माणूस. संच बंद झाल्यावर तो शिक्षकांशी बोलत असे आणि प्रयोग करून घेत असे. पन्नास वर्षांपूर्वी, उपग्रह पहिल्यांदाच हाताळणाऱ्या लोकांना हे कळत होतं की पडद्याशेजारी माणूस लागतो.

रविवारची एस.टी.

तोवर विद्यापीठांनीही पत्रद्वारा शिक्षणाची वाट धरली होती. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये, मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये. पाठ छापून टपालाने पाठवायचे आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यायची. तिकडे ब्रिटनमध्ये 1969 साली ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली. तिने बीबीसीवरचे कार्यक्रम, घरी येणारी पुस्तकं आणि गावोगावचे शिकवणी-मार्गदर्शक यांची सांगड घातली. आपल्याकडे 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले आणि पुढे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झालेले. मे 2023 मध्ये त्यांचं निधन झालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचं ब्रीद.

या विद्यापीठाने दोन गोष्टी केल्या, ज्यांची किंमत आपल्या समाजाने अजून नीट मोजलेली नाही. पहिली, दहावी-बारावीची अट बाजूला ठेवून अठरा वर्षांवरच्या कुणालाही पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत जाऊ दिलं. दुसरी, ‘संमंत्रक’ नावाची जागा निर्माण केली. शब्द जड आहे, पण काम सोपं. अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी विद्यार्थी आपली अडलेली पानं घेऊन यायचे आणि संमंत्रक ती सोडवायचा. तो वर्गात शिकवतो तसं पहिल्यापासून शिकवत नाही, पुस्तक शिकवतं. तो फक्त विचारतो, कुठे अडलं?

माझ्या मोठ्या भाभी याच वाटेने बी.ए. झाल्या. लग्नामुळे दहावी अर्धवट राहिलेली. रविवारी भाकरी-भाजीचा डबा घेऊन त्या एस.टी.ने उमरग्याला अभ्यासकेंद्रावर जायच्या. सोबत कधी भाईजान, कधी मी. मी तेव्हा शाळकरी पोर. बाहेर व्हरांड्यात बसून त्यांची स्वयंअध्ययन पुस्तकं चाळायचो. त्यात मधेमधे प्रश्न आणि उत्तर लिहायला कोऱ्या ओळी असायच्या. भाभी त्या पेन्सिलीने भरायच्या, म्हणजे चुकलं तर खोडता यावं. परतीच्या एस.टी.त त्या आज काय काय खोडावं लागलं ते सांगायच्या आणि हसायच्या. त्यांना शिकवणाऱ्या संमंत्रक बाईंचं नाव त्या आजही अदबीने घेतात. पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव त्यांना आठवत नाही.

घरातून बाहेर पडायला त्यांना रविवार मिळाला, हेही कमी नव्हतं. ‘घरबसल्या शिक्षण’ म्हणून घरच्यांनी परवानगी दिली आणि त्या निमित्ताने महिन्यातून दोनदा त्या घराबाहेर बसून चार बायांशी अभ्यासाचं बोलू लागल्या.

पडदा मोठा होत गेला

यानंतरचा इतिहास तंत्राच्या वेगाचा आहे, म्हणून मीही वेगाने सांगतो. 15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्सॅट-1बी’ उपग्रहाच्या मदतीने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला. पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी त्यासाठी निर्मितीकेंद्रं उभी राहिली. कार्यक्रम चांगले होते, पण मुख्यतः इंग्रजीत. आणि ज्या वेळी दाखवले जात, त्या वेळी खेड्यातल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी वर्गात तरी असे किंवा शेतात तरी.

2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम न केलेला सरकारी नोकर किंवा शिक्षक आज सापडणं कठीण. मीही केला. तालुक्यातल्या एखाद्या गाळ्यात आठ-दहा संगणक, पडद्यावर अभ्यासक्रम आणि मागे उभा राहून ‘माऊस असा धरा’ म्हणणारा पोरगा. गावोगावची केंद्रं हेच त्या अभ्यासक्रमाचं बळ होतं.

20 सप्टेंबर 2004 रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ सुटला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी देशातून तीन विद्यापीठं निवडली गेली, त्यांत आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ होतं. सुरुवात अभिमानाची होती. पण 2013 च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी एज्युसॅटच्या कार्यक्रमावर कडक ताशेरे ओढले. आखणी नीट नव्हती, जमिनीवरची जाळी जागोजागी धड चालली नाहीत, दाखवायला पुरेसा मजकूर तयार नव्हता. उपग्रह आकाशात आपलं काम करत होता; कमतरता खालच्या खोलीत होती.

याच सुमारास जगात दुसरी एक गोष्ट घडत होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत वाढलेला, लहानपणी रेडिओवरच्या शाळेत शिकलेला मार्टिन डुगियामास नावाचा माणूस विद्यापीठांसाठी एक ऑनलाइन वर्गव्यवस्था लिहीत होता. तिचं नाव ‘मूडल’. 2002 मध्ये ती सर्वांसाठी मोफत खुली झाली आणि आज जगभरची असंख्य विद्यापीठं ती वापरतात. पाठ ठेवणं, गृहपाठ घेणं, तो तपासून परत देणं, विद्यार्थ्यांना आपसात बोलू देणं, अशी तिची रचना. प्रत्यक्ष वर्गापासून लांब शिकलेल्या माणसाने ती लिहिली, म्हणून असेल कदाचित, पण तिच्यात व्हिडिओपेक्षा देवाणघेवाणीला जास्त जागा आहे.

आपल्याकडे आयआयटींनी मिळून केलेला ‘एनपीटेल’ 2003 पासून आणि केंद्र सरकारचा ‘स्वयम’ 9 जुलै 2017 पासून सुरू झाला. ‘स्वयम’चे चार भाग आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारण्याची जागा. 2016 च्या नियमांनी विद्यार्थ्याला 20 टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम’मधून घेता येत होते, 2021 मध्ये ही मर्यादा 40 टक्के झाली. म्हणजे मुरूमच्या श्री माधवराव पाटील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला, आपल्या गावात तो विषय शिकवणारं कुणी नसलं, तरी देशातल्या चांगल्या प्राध्यापकाकडून तो शिकून त्याचे गुण पदवीत धरून घेण्याची वाट कायद्याने मोकळी झाली. ही सोय लहान गावांसाठी खरोखर मोठी आहे. चार भागांपैकी कोणते भाग आपली मुलं वापरतात, हा प्रश्न मात्र उरतो. माझ्या ओळखीतली मुलं पहिलाच वापरतात. शंका इंग्रजीत लिहायची असते आणि ती चुकली तर सगळ्यांना दिसते.

ते वर्ष

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि आतापर्यंत जे टेकू होतं तेच एका आठवड्यात भिंत झालं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार 2017-18 मध्ये देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त 4.4 टक्के घरांत संगणक होता आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्मार्टफोन वाढले, पण घरातला फोन कुणाच्या खिशात असतो हेही बघावं लागतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के होत्या, पुरुष 57 टक्के.

अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही, यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात वाद झाला. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. ज्या गोष्टीला पाच वर्षं लागली असती ती पाच महिन्यांत झाली. प्राध्यापकांनीही कुणी न शिकवता, स्वतःच्या पैशाने डेटा भरून वर्ग घेतले. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही.

माझी ही विद्यार्थिनी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात एकच स्मार्टफोन, तो भावाकडे. भाऊ गॅरेजवर कामाला. तास सकाळी दहाला, भाऊ घरी यायचा रात्री आठला. एकदा ती वही घेऊन माझ्या दारात आली. मास्क लावलेला, उंबऱ्याबाहेरच उभी. मराठीच्या पेपरात ‘संज्ञापन’ असा शब्द आला होता. तिने त्याचा संबंध व्याकरणातल्या संज्ञेशी, म्हणजे नामाशी लावला आणि पान-दीड पान उत्तर नामाच्या प्रकारांवर लिहिलं. मी म्हणालो, “बेटा, संज्ञापन म्हणजे तरसील, इब्लाग. एकाने दुसऱ्यापर्यंत म्हणणं पोचवणं.” ती म्हणाली, “इत्ताच था क्या सर?” आणि हसली. मग तिने विचारलं, असे अजून पुष्कळ शब्द आहेत, रोज अर्धा तास येऊ का?

मी घाईत होतो. त्या दिवसांत माझेही ऑनलाइन वर्ग, अहवाल, लिंक पाठवणं चालू होतं. मी म्हणालो, “व्याख्यानाचं रेकॉर्डिंग असतं ना, रात्री भाऊ आला की बघत जा. पुन्हापुन्हा बघितलं की कळतं.”

ती ‘जी सर’ म्हणून गेली आणि परत आली नाही. चाचणीत नापास झाली. पुढच्या सत्राची फी भरली नाही. 2021 मध्ये तिचं लग्न झालं आणि मी वलीम्याला जाऊन जेवून आलो. तिचं शिक्षण माझ्या एका वाक्यामुळे सुटलं असं मी म्हणत नाही. घरची ओढाताण होती, काळ वाईट होता. पण ती विचारायला आली होती आणि मी तिला पडद्याकडे परत पाठवलं. शेजारच्या जिल्ह्यात 1975 साली जे कळलेलं होतं, भाभींच्या संमंत्रक बाईंना जे कळत होतं, ते मला, बी.एड. झालेल्या माणसाला, त्या दिवशी कळलं नाही.

मग आता काय?

ऑनलाइन शिक्षण परत जाणार नाही आणि जाऊही नये. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा जो मसुदा पुढे ठेवला, त्यात एखाद्या विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. आपण भांडण त्या चाळीस टक्क्यांवर घालतो. मला उरलेल्या साठ टक्क्यांची काळजी वाटते. तिथे माणूस आहे का? आणि तो कोणत्या भाषेत बोलतो?

विद्यापीठांनी करायच्या गोष्टी वेगळ्या. पण आपल्या गावात आपण काय करू शकतो, याचा मी एक लहान प्रयोग सुरू केला आहे. रविवारी सकाळी माझ्या घराच्या बैठकीत एक फोन, एक जुना लॅपटॉप आणि एक वही. कॉलेजात किंवा मुक्त विद्यापीठात शिकणारी, आपल्याच मोहल्ल्यातली मुलं-मुली येतात. आदल्या आठवड्यात बघितलेल्या व्याख्यानातली अडलेली जागा सांगतात, आम्ही ती एकत्र बघतो. दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवायचा आणि कुणीतरी आपल्या शब्दांत सांगायचं, हा एकच नियम. जुन्या उस्तादांसमोर शागिर्द वाचून दाखवत, तसंच काहीसं. अर्थशास्त्र मला येत नाही, तेव्हा बी.कॉम. झालेला शेजारचा एक मराठी मुलगा येतो. त्याला उर्दू येत नाही, त्यांना इंग्रजी जड जातं, मी मधे बसतो.

वहीत आम्ही शब्द लिहितो. तीन रकाने: मराठी, उर्दू, इंग्रजी. मागणी म्हणजे तलब, पुरवठा म्हणजे रसद. राज्यशास्त्र म्हणजे सियासियात, समाजशास्त्र म्हणजे इमरानियात, अर्थशास्त्र म्हणजे मआशियात. पहिलाच शब्द मी लिहिला तो संज्ञापन. आतापर्यंत दोनशेच्या वर झाले आहेत. आमचा हा गल्लीतला दारुत्तर्जुमा.

कधी आठजण येतात, कधी दोघंच. मुलींच्या घरच्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, भाभीही येऊन बसतात. त्यांना आता साठी जवळ आली आहे. मुलींना त्या आपल्या जुन्या पुस्तकातल्या पेन्सिलीच्या ओळी दाखवतात.

तुमच्या गावात एखादा पदवीधर असेल, रविवारचे दोन तास देऊ शकत असेल, तर त्याला हे सांगा. मशिदीची, मदरशाची, शाळेची, वाचनालयाची एखादी खोली रविवारी रिकामी असतेच. व्याख्यानं देशातल्या उत्तम प्राध्यापकांची आहेत आणि मोफत आहेत. ‘कुठे अडलं’ एवढं विचारणारं कुणीतरी तिथे बसायला हवं.

त्या मुलीचा फॉर्म आम्ही भरला. पुन्हा पहिल्या वर्षापासून. भरताना ती दोनदा म्हणाली, “सर, होगा क्या?” मी ‘होईल’ असं म्हणालो नाही, कारण मला माहीत नाही. मूल लहान आहे, सासर शेताच्या कामाचं आहे. मी म्हणालो, “इतवारको आना.” पहिल्या रविवारी ती आली नाही. दुसऱ्या रविवारी उशिरा आली, मुलाला भाभींच्या मांडीवर दिलं आणि वही उघडून संज्ञापनाचं पान आधी बघितलं.